दुसऱ्याच्या ओंजळीकडे पाहताना

निकालाच्या दिवशी मराठी मध्यमवर्गीय घरांत दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, 'किती मिळाले?' आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घेण्याआधीच दुसरा, 'समोरच्यांच्या मुलाला किती?' ८८ टक्क्यांचा पेढा तोंडात विरघळत असतानाच समोरच्या दाराआडून ९३ हा आकडा ऐकू येतो आणि पेढ्याची गोडी उतरते. गुणपत्रिकेतला एकही गुण तेवढ्या अवधीत कमी झालेला नसतो. कमी होतो तो आनंद, आणि तोही अशा कारणाने की ज्याचा त्या मुलाच्या वर्षभराच्या अभ्यासाशी काडीचाही संबंध नाही.

निकालाचा दिवस वर्षातून एकदा येतो. तुलनेला असा मुहूर्त लागत नाही. वाड्यात किंवा चाळीत राहणाऱ्या माणसाला आपली बरोबरी करून पाहण्यासाठी वीस-पंचवीस बिऱ्हाडे असत. हातातल्या मोबाइलने ही बिऱ्हाडे हजारांवर नेली आहेत. कुणाचा परदेश प्रवास, कुणाची नवी सदनिका, कुणाच्या मुलीला मिळालेला प्रवेश, हे सारे सकाळचा चहा होण्याआधीच नजरेखालून जाते. यावर उपाय सांगणाऱ्या पुस्तकांना आणि शिबिरांना तोटा नाही. त्यांचा सल्ला बहुधा एकाच वळणाचा असतो : आपण कुणापेक्षा कमी नाही, हे स्वतःला रोज बजावत राहा. या सल्ल्यातली गंमत अशी की 'कुणापेक्षा' हा शब्द त्यात कायमच राहतो. तराजू तोच, फक्त आपले पारडे जड असल्याची खात्री करून घ्यायची.

ख्रिस्ती परंपरेने या सवयीचा विचार गेली दोन हजार वर्षे केला आहे आणि तिचे उत्तर निराळे आहे. तुमचे पारडे जड आहे की हलके, यात ती फारशी शिरत नाही. हा तराजू मुळात कुणाच्या हाती आहे, असे ती विचारते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आसपास भरते. त्यामुळे बहुतेक वाचकांचा या धर्माशी परिचय माउंट मेरीची जत्रा, नाताळचा केक आणि मिशनऱ्यांच्या शाळा एवढ्यापुरता असतो. त्याच्या आत मनाच्या व्यवहाराचे किती बारीक निरीक्षण साठलेले आहे, ते सहसा कानावर येत नाही.

काकडी आणि द्राक्ष

तुलना ही केवळ कोत्या मनाची खोड आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलेला सिद्धान्त असा, की आपली मते आणि आपली कुवत जोखण्यासाठी जिथे वस्तुनिष्ठ माप हाताशी नसते तिथे माणूस इतर माणसांकडे पाहून स्वतःला जोखतो. आणि त्यासाठी तो शक्यतो आपल्यासारख्याच माणसांची निवड करतो. म्हणूनच एखाद्या उद्योगपतीच्या बहुमजली महालाचे आपल्याला फारसे काही वाटत नाही, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची पगारवाढ मात्र झोप उडवते. २००३ मध्ये सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या संशोधकांनी कॅप्युचिन जातीच्या माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकडाने हातातला खडा परत द्यायचा आणि बदल्यात काकडीचा तुकडा घ्यायचा, असा सौदा. सौदा सुरळीत चालला होता. मात्र त्याच खड्याच्या बदल्यात शेजारच्या पिंजऱ्यातल्या माकडाला द्राक्ष मिळते आहे हे दिसताच माकडे काकडी नाकारू लागली. काहींनी ती सरळ फेकून दिली.

ख्रिस्ती ग्रंथकारांना माकडांचे प्रयोग ठाऊक नव्हते. पण ही खोड किती जुनी आहे याची त्यांना कल्पना होती. बायबलमधला पहिला खून तुलनेतून होतो. हाबेलचे अर्पण देवाला पसंत पडते, थोरल्या काइनाचे पडत नाही, आणि काइन भावाला शेतात नेऊन ठार करतो. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी प्रमुख पापांची जी यादी मांडली तीत असूयेला स्थान मिळाले, जसे आपल्याकडच्या षड्रिपूंत मत्सराला आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी तिची व्याख्या काटेकोर केली. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही याचे दुःख वाटणे, ते आपल्यालाही मिळावे म्हणून धडपडणे, यांना त्यांनी असूया म्हटले नाही. दुसऱ्याचे भले झाले म्हणजे आपल्या मोठेपणातून तेवढे वजा झाले, असे वाटून जे दुःख होते तेवढीच असूया. ८८ आणि ९३ यांच्या मध्ये अडकलेला पेढा या व्याख्येत नेमका बसतो.

इटालियन कवी दान्ते याने चौदाव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या महाकाव्यात असूयाग्रस्तांना एक विलक्षण शिक्षा दिली आहे. शुद्धिलोकाच्या डोंगरावर ते ओळीने बसलेले आहेत आणि त्यांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवून टाकल्या आहेत. लॅटिन भाषेत असूयेसाठी असलेला शब्दच मुळी 'पाहणे' या क्रियेपासून आला. आपल्याकडेही नजर लागते, दृष्ट लागते. या चित्रातला दुसरा तपशील मला अधिक बोलका वाटतो. एकमेकांचे बरे ज्यांना पाहवत नव्हते ते आता दिसेनासे झाल्यावर एकमेकांच्या खांद्याला टेकून बसले आहेत.

संध्याकाळची मजुरी

येशूने सांगितलेल्या दृष्टान्तांपैकी तुलनेच्या मुळावर घाव घालणारा दृष्टान्त मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे. एका द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो आणि दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर लावतो. पुन्हा नऊच्या सुमारास जातो, दुपारी बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पाच वाजताही जातो. प्रत्येक वेळी त्याला तिथे माणसे उभी दिसतात. मुंबई, ठाणे, पुणे येथील नाक्यांवर सकाळी थापी, करणी, रंगाचे ब्रश घेऊन उभे असलेले मजूर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे दृश्य समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हे चढली तरी जे उभेच असतात, ते आळशी असतात असे नाही. त्यांना कुणी नेलेले नसते. दृष्टान्तातले पाच वाजताचे मजूरही मालकाला हेच कारण सांगतात.

संध्याकाळी हिशेब होतो. मालक कारभाऱ्याला सांगतो की शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. तासभर राबलेल्यांच्या हातावर एकेक दिनार पडतो. ते पाहून पहाटेच्या मजुरांच्या आशा वाढतात, आणि त्यांच्याही हातावर एकच दिनार पडल्यावर कुरकुर सुरू होते. दिवसभराचे ऊन आम्ही सोसले, आणि यांना आमच्या बरोबरीला बसवले, अशी त्यांची तक्रार. मालक उत्तरतो की ठरलेले तुम्हाला पुरते मिळाले आहे. मी माझ्या पैशाने उदार झालो तर त्यात तुमचे काय गेले?

या कथेचा राग येणे स्वाभाविक आहे. तो आला नाही तर ती नीट वाचली नाही असे खुशाल समजावे. पण मालकाची एक कृती वाचताना सहज निसटते. त्याने पहाटेच्या मजुरांचा हिशेब आधी चुकता केला असता, तर ते दिनार कनवटीला लावून समाधानाने घरी गेले असते आणि मागाहून कुणाला काय मिळाले हे त्यांना कळलेही नसते. मालक मुद्दाम क्रम उलटा करतो. त्यांनी पाहावे, अशीच त्याची इच्छा दिसते. तोच दिनार, पहाटे ठरवताना पुरेसा वाटलेला, शेजाऱ्याच्या तळहातावर पडताच अपुरा वाटू लागतो. मूळ ग्रीक पाठात मालकाच्या बोलण्यात 'वाईट डोळा' अशा अर्थाचा शब्दप्रयोग येतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. दान्तेची शिवलेल्या पापण्यांची कल्पना जणू याच प्रश्नातून निघाली असावी.

दिनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी होती, म्हणजे एका कुटुंबाच्या एका दिवसाच्या निर्वाहाची रक्कम. एक तास राबलेल्या माणसाच्या घरीही रात्री तितकीच तोंडे वाट पाहत असणार. त्याला तासाच्या हिशेबाने दिनाराचा बारावा हिस्सा देणे बिनचूक ठरले असते आणि त्याची मुले उपाशी झोपली असती. देवाकडून माणसाला जे मिळते ते अशा दानाच्या जातीचे आहे, असा ख्रिस्ती विश्वास आहे. त्यासाठी 'कृपा' हा शब्द वापरला जातो आणि तो अनेकदा नुसताच वापरला जातो. त्याचा व्यवहारातला अर्थ या कथेत उघड होतो : जे कमावलेले नाही त्याचा दर काढता येत नाही, आणि ज्याचा दर निघत नाही त्याची शेजाऱ्याच्या वाट्याशी वजाबाकीही मांडता येत नाही.

दारात थबकलेला थोरला

लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दृष्टान्त याहून अधिक प्रसिद्ध आहे. बापाकडून हिस्सा मागून घेऊन धाकटा परदेशी जातो, सारे उडवतो, डुकरे राखण्याची पाळी आल्यावर घरी परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि पोसलेले वासरू कापून मेजवानी देतो. सांगणारे बहुधा कथा इथेच संपवतात. तिचा उत्तरार्ध शेतावरून परतणाऱ्या थोरल्याचा आहे. वाद्यांचा आवाज ऐकून तो बाहेरच थांबतो आणि आत यायला नकार देतो. इतकी वर्षे राबलो, पण मित्रांसाठी मला कधी एक करडू मिळाले नाही, आणि याच्यासाठी वासरू! बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, घरातले सगळे तुझेच आहे याची आठवण देतो. तो आत गेला की नाही हे येशू सांगत नाही.

विसाव्या शतकात या थोरल्याला आपला चेहरा देणारा माणूस म्हणजे हेन्री नॉवेन. १९३२ मध्ये हॉलंडमध्ये जन्मलेले हे कॅथलिक धर्मगुरू अमेरिकेत नोत्रे दाम, येल आणि हार्वर्ड अशा नामांकित विद्यापीठांत शिकवत होते. त्यांची पुस्तके खपत होती, व्याख्यानांना गर्दी होत होती. १९८३ मध्ये फ्रान्समध्ये त्यांच्या नजरेस रेम्ब्राँने याच दृष्टान्तावर काढलेल्या चित्राची प्रत पडली. १९८६ मध्ये त्यांनी तेव्हाच्या लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला जाऊन हर्मिटाज संग्रहालयातल्या मूळ चित्रासमोर तासन् तास बसून काढले. त्यांना आपण धाकट्या मुलासारखे आहोत असे वाटत होते. एका मित्राने सहज सुचवले की तुम्ही थोरल्यासारखे तर नाही? नॉवेन हे घरातले थोरलेच होते. जन्मभर आज्ञेत राहिलेल्या माणसाच्या मनात साठत जाणारा आकस, बेफिकीर जगलेल्यांविषयीचा छुपा हेवा, शिक्षक म्हणून इतरांच्या पुढे राहण्याची तहान, हे सगळे त्या एका प्रश्नाने वर आले. १९९२ मध्ये त्यांनी त्या चित्रावर लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले.

पुस्तकापेक्षा त्यांनी केलेली निवड अधिक सांगून जाते. हार्वर्ड सोडून १९८६ मध्ये ते कॅनडात टोरांटोजवळ बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या 'लार्श' समुदायात राहायला गेले. तिथल्या सोबत्यांनी त्यांचे एकही पुस्तक वाचलेले नव्हते. अनेकांना वाचताच येत नव्हते. बोलू न शकणाऱ्या अ‍ॅडम नावाच्या तरुणाला सकाळी उठवणे, आंघोळ घालणे, कपडे चढवणे आणि न्याहारी भरवणे हे काम त्यांच्याकडे आले. अ‍ॅडमला त्यांच्या पदव्यांशी देणेघेणे नव्हते. ज्यांच्यापुढे आपली मोजदाद होते अशी माणसे सोडून, जिथे मोजदादच होत नाही तिथे जाणे, हा तुलनेवरचा उपाय म्हणून अचाटच म्हणायला हवा. त्याने सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. १९८७ च्या अखेरीस एक जिव्हाळ्याची मैत्री तुटल्यानंतर नॉवेन पुरते खचले आणि काही महिने समुदायापासून दूर राहून त्यांना मदत घ्यावी लागली. त्यानंतर ते तिथेच परतले आणि १९९६ मधील मृत्यूपर्यंत तिथलेच राहिले. ज्यांची तुलनेची सवय नैराश्यापर्यंत पोहोचली आहे त्यांनी नॉवेन यांच्या आयुष्यातला हा भाग विसरू नये. प्रार्थना करणाऱ्यांनाही उपचारांची गरज पडते.

पेला आणि अंगुस्तान

दुसरे उदाहरण त्याहून शंभर वर्षे मागचे, फ्रान्समधल्या एका मुलीचे. तेरेझ मार्तँ हिचा जन्म १८७३ चा. १८८८ मध्ये, पंधराव्या वर्षी ती लिझ्यू गावातल्या कार्मेल मठात दाखल झाली आणि १८९७ मध्ये, चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. मठाच्या भिंतीबाहेर तिला कुणी ओळखत नव्हते. तिने वडीलधाऱ्यांच्या आज्ञेवरून वहीत लिहिलेल्या आठवणी मृत्यूनंतर वर्षभराने छापल्या गेल्या. १९२५ मध्ये तिला संतपद मिळाले, आणि १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला चर्चच्या आचार्यांच्या मोजक्या मालिकेत बसवले. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनी संन्यास घेताना नाव घेतले ते हिचेच.

मठ म्हटला की तिथे स्पर्धा नसेल असा आपला समज असतो. वास्तविक बंद भिंतींत, त्याच त्या माणसांत, तुलनेला जेवढा जोर चढतो तेवढा बाहेर चढत नाही. त्यात तेरेझच्या तीन सख्ख्या बहिणी त्याच मठात होत्या. त्याआधी, शाळेत असताना ती अभ्यासात पुढे असल्याचे सहन न होऊन एका मोठ्या मुलीने तिला छळले होते. म्हणजे दुसऱ्याच्या तुलनेचा मारही तिने खाल्लेला होता.

देव सर्वांवर सारखी कृपा का करीत नाही, स्वर्गातही थोर संतांना अधिक आणि साध्या जिवांना कमी असे का, हा प्रश्न तिला लहानपणापासून टोचत होता. थोरली बहीण पोलीन हिने त्यावर दिलेले उत्तर तिने लिहून ठेवले आहे. पोलीनने वडिलांचा मोठा पेला आणला आणि त्याच्या शेजारी तेरेझचे अंगुस्तान ठेवले, शिवताना बोटात घालतात ते. दोन्ही काठोकाठ पाण्याने भरले आणि विचारले, यातले अधिक भरलेले कोणते? दोन्हीत आणखी एक थेंबही मावत नव्हता. हीच गोष्ट तेरेझने पुढे बागेच्या रूपकातून मांडली. सगळीच फुले गुलाब झाली तर रानाची शोभाच जाईल, असे तिचे म्हणणे होते.

कुणी म्हणेल की हे लहानांना लहानच राहायला शिकवणे झाले. आक्षेप रास्त आहे आणि त्याकडे पुढे वळू. पण तेरेझ स्वतः अल्पसंतुष्ट नव्हती. तिला धर्मगुरू व्हायचे होते, प्रचारक व्हायचे होते, हुतात्मा व्हायचे होते, आणि हे सगळे एकदमच. थोर संतांशी स्वतःला ताडून पाहिले की ते पर्वत आणि आपण पायदळीचा वाळूचा कण, असे तिला दिसे. १८९६ मध्ये पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा आणि तेरावा अध्याय वाचताना तिला वाट सापडली. शरीरात डोळा वेगळा, हात वेगळा, प्रत्येकाचे काम वेगळे, असे पौल तिथे सांगतो आणि या सर्वांहून श्रेष्ठ मार्ग म्हणून प्रीतीकडे बोट दाखवतो. तेरेझने ठरवले की डोळा, हात, पाय यांपैकी काहीच न होता आपण या शरीरात प्रीती व्हायचे. पर्वत चढण्याचा प्रश्न तिने असाच सोडवला. त्या काळी श्रीमंतांच्या घरांत लिफ्ट नुकत्याच बसू लागल्या होत्या. आपल्याला जिने चढवत नाहीत तर देवाचे हात हीच आपली लिफ्ट, असे तिने लिहिले. तिच्या या 'लहान वाटे'त नावडत्या सोबतिणीशी हसून बोलणे, कपडे धुताना अंगावर उडणारे मळके पाणी मुकाट सोसणे अशी कामे येतात. ती इतकी किरकोळ आहेत की त्यांत पहिला-दुसरा क्रमांक काढावा असे कुणाच्या मनातही येऊ नये.

दिवसातून दोनदा

कथा आणि चरित्रे वाचून सवय सुटत नाही. त्यासाठी दुसरी सवय लागते. ख्रिस्ती परंपरेतली अशी एक सवय सेंट झेवियर्स कॉलेजमुळे मुंबईकरांना १८६९ पासून परिचित असलेल्या येशूसंघाच्या संस्थापकाने घालून दिली. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सरदार. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर त्याने शौर्यकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे मिळाली. ती वाचताना त्याच्या मनात आले की फ्रान्सिसने जे केले, डॉमिनिकने जे केले, ते मलाही केलेच पाहिजे. सरदारी गेली तरी चुरस तशीच राहिली. पुढे मानरेसा येथे त्याने केस-नखे वाढवली, उपासांची कमाल केली आणि आपल्या पापांचा हिशेब काही केल्या पुरा होत नाही या धास्तीने तो आत्महत्येच्या विचारापर्यंत गेला. तिथून सावरल्यावर त्याने जी आध्यात्मिक साधना रचली, तिच्या आरंभीच संपत्ती की दारिद्र्य, मान की अपमान, दीर्घ आयुष्य की अल्प यांपैकी कशाचाही आग्रह न धरण्याची भूमिका आहे.

या साधनेतले मनःपरीक्षण दुपारी आणि रात्री करायचे असते. त्याला पंधरा मिनिटे पुरतात. सुरुवात आभाराने होते. आज काय मिळाले ते नावानिशी आठवायचे. मग प्रकाश मागायचा, दिवसाचा तास न् तास डोळ्यांपुढून न्यायचा, चुकले तिथे क्षमा मागायची आणि उद्याचा निश्चय करायचा. तुलनेची खोड असलेल्याला यातला क्रम उपयोगी पडतो. चूक शोधण्याआधी मिळालेले मोजले गेल्यामुळे दिवसाची उजळणी हाती काहीतरी असताना सुरू होते. मग कोणत्या बातमीने मन आक्रसले, कुणाचे नाव ऐकून तोंडातला पेढा कडू झाला, हे पाहणे तितके भयंकर राहत नाही. त्यानंतर अनेक ख्रिस्ती जन एक साधे पण अवघड काम करतात : ज्याचा हेवा वाटला त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना. ज्याचे भले व्हावे असे आपणच रोज मागतो, त्याच्या भल्याचे दुःख करीत बसणे हळूहळू कठीण होत जाते. चिकाटीने करणाऱ्यालाही पहिले काही दिवस ही प्रार्थना घशाखाली उतरत नाही.

तक्रार केव्हा रास्त?

आता मघाच्या आक्षेपाकडे. जो पिळला जातो त्याला 'दुसऱ्याकडे पाहू नकोस' असे सांगणे, यासारखी सोयीची शिकवण पिळणाऱ्याला दुसरी मिळणार नाही. समान कामाला कमी वेतन मिळणाऱ्या स्त्रीने पुरुष सहकाऱ्याच्या वेतनाशी तुलना केलीच पाहिजे. त्याशिवाय अन्याय दिसणार कसा? बायबल या बाबतीत वाटते त्यापेक्षा खंबीर आहे. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्या मजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धनिकांना कडक शब्दांत सुनावले आहे. आणि ज्या पत्रात पौल शरीराच्या अवयवांचे रूपक सांगतो, त्याच पत्रात एक अध्याय आधी तो करिंथच्या सधन सभासदांवर संतापतो, कारण प्रभुभोजनाला जमल्यावर ते आपले जेवण आधी उरकतात आणि बाकीचे उपाशी राहतात. उपाश्यांनी दुसऱ्याच्या ताटात पाहू नये, असे तो म्हणत नाही. मळ्याच्या मालकानेही कुणाचा ठरलेला पैसा बुडवला नव्हता.

भारतातील चर्चचा इतिहास इथे स्वच्छ नाही. जात मागे टाकण्यासाठी ख्रिस्ती झालेल्यांना दक्षिणेत अनेक ठिकाणी प्रार्थनेच्या वेळी वेगळे बसावे लागले, दफनभूमीही वेगळ्या राहिल्या. देवापुढे सगळे समान असे वेदीवरून सांगायचे आणि समोरच्या बाकांची उतरंड तशीच ठेवायची, या विसंगतीविरुद्ध दलित ख्रिस्ती कार्यकर्ते दीर्घकाळ झगडत आले आहेत.

शिवाय श्रद्धा स्वतःच तुलनेचे हत्यार होऊ शकते. येशूने सांगितलेल्या परूशी आणि जकातदार यांच्या दृष्टान्तात धर्मनिष्ठ परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो ते आपण दूर उभ्या असलेल्या जकातदारासारखे नाही याबद्दल. त्याचे उपास खरे आहेत, दशांशही तो खरोखर देतो. खोटी आहे ती त्याची नजर, कारण प्रार्थनेच्या वेळीही ती शेजाऱ्यावर खिळली आहे. आभाराची साधना अशी बिघडायला वेळ लागत नाही. आपल्याहून गरीब माणूस पाहून 'आपले बरे आहे' म्हणणे आणि त्याला कृतज्ञता समजणे, हा प्रकार मंदिर, मशीद, चर्च सगळीकडे सारखाच चालतो.

पेत्राचा प्रश्न

योहानच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात पुनरुत्थित येशू तिबिर्याच्या समुद्राकाठी पेत्राशी बोलतो. ज्याने तीन वेळा आपल्याला नाकारले त्या पेत्राला तो तीन वेळा प्रीतीविषयी विचारतो, त्याच्यावर मेंढरांची राखण सोपवतो आणि म्हातारपणी कोणत्या मरणाला सामोरे जावे लागेल हेही सूचित करतो. एवढे भारावून टाकणारे बोलणे चालू असताना पेत्र मागे वळून पाहतो. येशूचा लाडका शिष्य मागोमाग येत असतो, आणि पेत्राच्या तोंडून प्रश्न निघतो की याचे काय होणार? येशूचे उत्तर तुटक आहे. त्याचे काय व्हायचे ते माझ्या मर्जीवर, त्याच्याशी तुला काय करायचे आहे, तू माझ्यामागे चल, अशा आशयाचे. चर्चच्या परंपरेनुसार पेत्र रोममध्ये क्रुसावर गेला. लाडका शिष्य मानला जाणारा योहान एफिसमध्ये वृद्ध होऊन मरण पावला. दोघांच्या वाट्याला सारखे काहीच आले नाही.

किनाऱ्यावर एवढे स्पष्ट उत्तर मिळूनही पेत्राची मागे वळून पाहण्याची सवय लगेच सुटली नाही. काही वर्षांनी अंत्युखिया शहरात तो यहुदी नसलेल्या ख्रिस्ती जनांच्या पंक्तीला निःसंकोचपणे बसत असे. यरुशलेमहून काही मंडळी आली, आणि ती काय म्हणतील या भीतीने तो पंक्तीतून उठून वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतरही उठले. पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला आणि गलती येथील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो प्रसंग पेत्राचे नाव घेऊन नोंदवून ठेवला.